समलिंगी, तृतीयपंथी व्यक्तीवर अत्याचार झाला तर मदत कुठे मिळेल?

जामखेड : नवऱ्याने बायकोला मारलं तर कुठे जायचं, हे आता गावात बऱ्याच जणांना माहीत आहे. पण मार खाणारा पुरुष असेल आणि मारणारा त्याचाच जोडीदार असेल तर? तृतीयपंथी व्यक्तीवर बळजबरी झाली तर? मुलीला मुलगी आवडते म्हणून घरच्यांनीच कोंडून घातलं तर? अशी माणसं गप्प बसतात. तक्रार करायची म्हणजे आधी स्वतःबद्दल सांगावं लागणार, आणि संध्याकाळपर्यंत ते पारावर पोचणार, ही भीती असते.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. समलिंगी असणं गुन्हा नाही. दोन प्रौढांनी संमतीने ठेवलेले संबंध गुन्हा नाहीत, असा निकाल सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. "बोललास तर तुलाच आत टाकतील" या धमकीला घाबरू नका.

आधी दवाखाना

अंघोळ करू नका, कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा. एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. जितकं लवकर जाल तितकं चांगलं. उपचारासाठी आधी पोलिसात जायची अट नाही. पीडित पुरुष आणि तृतीयपंथी यांची तपासणी कशी करावी, हेही केंद्रीय आरोग्य खात्याच्या २०१४ च्या सूचनांत सांगितलेलं आहे.

कायदा काय म्हणतो?

• १८ वर्षांखालील : मुलगा असो, मुलगी असो वा तृतीयपंथी, पोक्सो कायदा लागू होतो.

• स्त्री : पुरुषाने बळजबरी केली तर बलात्काराचा गुन्हा. बाप-भाऊ मारत असतील तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा.

• तृतीयपंथी : २०१९ च्या कायद्याच्या कलम १८ नुसार शारीरिक, लैंगिक छळाला सहा महिने ते दोन वर्षे कैद. शस्त्रक्रिया करून स्त्री झालेल्या व्यक्तीला पतीविरुद्ध कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दाद मागता येते, असं मुंबई हायकोर्टाने मार्च २०२३ मध्ये सांगितलं.

• प्रौढ पुरुष : इथे कायदा तोकडा आहे. जुनं कलम ३७७ गेलं आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत त्याच्या जागी काही आलं नाही. तरी मारहाण, डांबून ठेवणं, धमकी, खंडणी ही कलमं लागतातच. फोटो व्हायरल करतो म्हणून पैसे मागणं हीसुद्धा खंडणीच. मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा.

आपल्या ठाण्यात ओळखीचे लोक असतील तर दुसऱ्या ठाण्यात जा. गंभीर गुन्ह्याची नोंद कुठल्याही ठाण्यात होते, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. घेतली नाही तर जिल्हा पोलिस अधीक्षकांना पोस्टाने लेखी तक्रार पाठवा.

हे नंबर सेव्ह करा

तातडीची मदत : ११२
महिला : १८१
मुलं : १०९८
मोफत कायदेशीर सल्ला : १५१००
मनावर ताण, जीव द्यावासा वाटणं : १४४१६
ऑनलाइन पैशाची फसवणूक : १९३०

नगर इथून सुमारे ७५ किलोमीटर. प्रत्येकाला लगेच जाणं जमत नाही, म्हणून पहिला फोन महत्त्वाचा. मुंबईत हमसफर ट्रस्ट ही संस्था १९९४ पासून समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांसाठी काम करते.

आणि तुमच्याकडे कुणी असं सांगायला आलं तर "तू तिथे गेलासच कशाला" असं विचारू नका. ऐकून घ्या, सोबत जा, आणि त्याचं नाव कुणापुढे काढू नका. ते कुणाला सांगायचं हे त्याचं त्याला ठरवू द्या.