घरातलं सोयाबीन फुकट राहत नाही

ताईंनो, मळणी झाली की आपल्या आष्टी भागात घरोघरी एकच बोलणं असतं. "आत्ता विकायचं का भाव वाढेपर्यंत ठेवायचं?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "राहू द्या घरात, ते काय खायला मागतंय?"

मागतंय. ते कसं, हे हिशोबानं बघू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, तुम्ही स्वतःचे घाला.

समजा घरात 10 क्विंटल सोयाबीन आहे आणि आजचा भाव 4,000 रुपये. म्हणजे 40,000 रुपयांचा माल. त्याच वेळी गटाचं 40,000 रुपये कर्ज अंगावर आहे, व्याज शेकडा दोन रुपये महिना. माल आज विकला तर कर्ज फिटतं. ठेवला तर दर महिन्याला 800 रुपये व्याज चालूच. चार महिन्यांचे झाले 3,200.

शिवाय माल वाळतो, उंदीर-घुशी खातात. 30 किलो घट धरा. उरलं 9 क्विंटल 70 किलो. आता 43,200 रुपये हातात आले तरच आपण आजच्या जागेवर राहतो. त्यासाठी भाव पाहिजे साधारण 4,455 रुपये.

चार महिन्यांनी 4,300 भाव मिळाला तर घरात आनंद होतो, "क्विंटलमागं तीनशे जास्त मिळाले!" पण हाती येतात 41,710. म्हणजे खरं तर 1,490 रुपये तोटा. तो दिसत नाही, कारण व्याज वेगळ्या दिवशी, वेगळ्या वहीत भरलं जातं.

एक गोष्ट निवडली की दुसरी सोडावी लागते. त्या सोडलेल्या गोष्टीतून जे मिळालं असतं, तोही खर्चच. अर्थशास्त्रात याला 'संधी खर्च' म्हणतात. कर्ज नसलं तरी तो असतो. त्याच पैशात दोन शेळ्या आल्या असत्या, किंवा रब्बीचं खत उधारीऐवजी रोखीनं घेता आलं असतं.

मग माल ठेवूच नये का? तसं नाही. भाव फारच पडलेला असेल तर थांबणं शहाणपणाचं ठरू शकतं. पण थांबण्याचा खर्च कमी करता येतो. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990-91 पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम 180 दिवसांसाठी वर्षाला 6 टक्के व्याजानं मिळते. वरच्या हिशोबात 30,000 रुपयांचं चार महिन्यांचं व्याज 600 रुपये होतं. त्यातून गटाचं तेवढं कर्ज फेडलं तर उरलेल्या 10,000 चं व्याज 800. एकूण 1,400, कुठं 3,200 अन् कुठं 1,400! ही सोय सध्या चालू आहे का, ते आपल्या बाजार समितीत आधी विचारा.

हमीभावाचंही तसंच. 2025-26 च्या हंगामाला तो 5,328 रुपये आहे. पण नोंदणी, ओलाव्याची अट आणि पैसे येईपर्यंतचं व्याज हेही हिशोबात धरा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं वहीत तीन ओळी लिहून आणाव्यात:

1. आज विकलं तर किती येतील आणि त्यातून काय होईल?
2. ठेवलं तर महिन्याला व्याज आणि घट किती?
3. किती भाव आला तर आपण बरोबरीत?

तिसरा आकडा घरात कारभाऱ्यांनाही सांगा. भाव किती वाढेल हे कुणालाच माहीत नसतं. पण किती वाढायला पाहिजे, हे आपल्याला आजच काढता येतं.