कोबीतला किडा आणि मेंदूतली गाठ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘कोबीतला किडा पोटात गेला की मेंदूपर्यंत चढतो आणि माणसाला फिट येतात,’ असा मजकूर दर पावसाळ्यात मोबाइलवर फिरतो. त्यामुळे कित्येक घरांत कोबी-फ्लॉवर आणणेच बंद होते. या भीतीच्या तळाशी एक खरा आजार आहे. त्याचे नाव न्यूरोसिस्टिसरकोसिस, म्हणजे डुकरातल्या पट्टकृमीच्या अळीने मेंदूत केलेली गाठ. मेंदूच्या परजीवी संसर्गांत हा सर्वांत जास्त आढळणाऱ्यांपैकी एक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात २५ ते ८३ लाख लोकांच्या मेंदूत अशा गाठी आहेत. त्यांतल्या अनेकांना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही.

या आजाराबद्दल आज जे खात्रीने सांगता येते, ते रुग्णांवर शिस्तीने केलेल्या संशोधनातून आलेले आहे. त्या संशोधनाने लोकांचे तसे डॉक्टरांचेही काही समज मोडले. म्हणून एकेक समज घेऊन त्यामागची वस्तुस्थिती पाहू.

गैरसमज : कोबीवर दिसणारा हिरवा किडाच मेंदूत जातो.

वस्तुस्थिती : कोबी चिरताना पानाच्या आड जी लहानशी हिरवी अळी सापडते, ती बहुधा चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची असते. तिला बोट लावले की ती वळवळत मागे सरकते, कधी कधी बारीक धाग्याला लोंबकळते. ती कोबीच्या वर्गातली पिके खाऊन जगते. माणसाच्या शरीरात तिला जगता येत नाही आणि शिजवलेल्या भाजीतून चुकून पोटात गेलीच, तर ती पचून जाते.

मेंदूच्या आजाराचे कारण डोळ्यांना दिसतच नाही. पट्टकृमीचे अंडे मिलिमीटरच्या तिसाव्या भागाएवढे असते. ते भाजीवर तयार होत नाही. ते माणसाच्या विष्ठेतून येते. उघड्यावरची विष्ठा किंवा सांडपाणी शेतात, विहिरीत, नाल्यात मिसळले की त्यातली अंडी पालेभाजी, कोथिंबीर, मुळा, गाजर, कोबी यांपैकी कशालाही चिकटू शकतात. दोष कोबीचा नसून त्यावर पडलेल्या पाण्याचा आहे. भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुतली की बरीचशी घाण निघून जाते. मीठ-हळदीच्या पाण्यात बुडवून ठेवल्याने अंडी मरतीलच याची खात्री नाही. नीट शिजवल्यावर मात्र ती मरतात. म्हणून कोबीची भाजी खुशाल खावी. काळजी घ्यायची ती कच्च्या कोशिंबिरीच्या आणि रस्त्यावरच्या सॅलडच्या बाबतीत.

गैरसमज : आम्ही डुकराचे मांस खात नाही, म्हणून आम्हाला हा आजार होणार नाही.

वस्तुस्थिती : हा गैरसमज सर्वांत जास्त घात करतो. पट्टकृमीचे जीवनचक्र समजून घेतले की तो आपोआप गळून पडतो.

डुकराने विष्ठेतली अंडी खाल्ली की अळ्या त्याच्या स्नायूंत जाऊन बसतात. अशी प्रत्येक अळी एका पातळ पिशवीत असते; भिजलेल्या साबुदाण्यासारखी अर्धपारदर्शक, आत एक पांढरा ठिपका. तो ठिपका म्हणजे कृमीचे डोके. असे मांस अर्धेकच्चे खाल्ले, तर माणसाच्या आतड्यात काही मीटर लांबीचा पट्टकृमी वाढतो. त्याचे तुकडे विष्ठेतून बाहेर पडतात आणि एकेका तुकड्यात सुमारे पन्नास हजार अंडी असतात. त्या माणसाला बहुधा काहीही जाणवत नाही.

मेंदूचा आजार होतो तो ही अंडी पोटात गेल्याने. अंड्यातून निघालेला गर्भ आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतो आणि मेंदू, डोळा, स्नायू असा कुठेही जाऊन अळी बनतो. म्हणजे मांस खाणाऱ्याच्या आतड्यात कृमी होतो, आणि त्याच्या न धुतलेल्या हाताचे अन्न खाणाऱ्याच्या मेंदूत गाठ होऊ शकते. खाणारा पक्का शाकाहारी असला तरी यात काही फरक पडत नाही. ज्याच्या आतड्यात कृमी आहे, त्याच्या स्वतःच्या मेंदूलाही धोका असतो.

याचा ठळक दाखला न्यूयॉर्कमधून मिळाला. १९९२ साली तिथल्या सनातनी ज्यू वस्तीतले चार रुग्ण या आजाराचे निघाले. धर्माने डुकराचे मांस निषिद्ध मानणारी ही माणसे. तपासाचा माग त्यांच्या घरी काम करणाऱ्या, लॅटिन अमेरिकेतून आलेल्या महिलांपर्यंत पोहोचला; संसर्ग घरातल्याच कुणाच्या तरी हातून आला होता. त्यामुळे घरात एकाला हा आजार निघाला, तर घरातल्या इतरांची आणि स्वयंपाक करणाऱ्यांची शौच तपासणी करणे हा उपचाराचाच भाग आहे. त्यात कुणाला दोषी धरण्याचा प्रश्न नाही, कारण कृमी असलेल्यालाही त्याची कल्पना नसते. औषधाने तो सहज जातो.

गैरसमज : स्कॅनमध्ये गाठ दिसली म्हणजे मेंदूचा टीबी किंवा कॅन्सर.

वस्तुस्थिती : ही चूक एकेकाळी आपल्या देशातले तज्ज्ञही करत होते. ती कशी सुधारली हे जाणून घेण्यासारखे आहे.

१९८०च्या दशकात भारतात सीटी स्कॅनचा वापर वाढला आणि फिट आलेल्या तरुण रुग्णांच्या फिल्मवर एक विशिष्ट चित्र वारंवार दिसू लागले. औषध टोचल्यावर उजळणारे एक लहानसे कडे, त्याभोवती सुजेचा करडा पट्टा. आपल्याकडे क्षयरोग घरोघरी, म्हणून ही टीबीची गाठ समजून क्षयाची औषधे महिनोन्‌महिने दिली जात. काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन केला की गाठ गायब. त्यावरून औषध लागू पडले, असे अनुमान निघे. पण ज्यांना फक्त फिटच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांच्याही गाठी विरघळत होत्या. मग क्षयाच्या औषधाने नेमके काय साधले?

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील मॅथ्यू चँडी, वेदांतम राजशेखर आणि सहकाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर अंदाजावर सोडले नाही. त्यांनी अशा गाठींचे तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. आत निघाली ती मरू लागलेली पट्टकृमीची अळी. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे त्यांनी निदानाचे निकषही आखले : गाठ एकच, गोल, २० मिलिमीटरपेक्षा लहान, मेंदू एका बाजूला ढकललेला नाही, डोक्यातला दाब सतत वाढलेला नाही, हातापायांतली कमजोरी वाढत जात नाही, शरीरात दुसरीकडे क्षय किंवा कॅन्सर नाही. असे असेल तर गाठ बहुधा कृमीचीच. या निकषांमुळे असंख्य रुग्णांची कवटी उघडण्याची आणि क्षयाची जड औषधे घेण्याची वेळ टळली.

याचा अर्थ मेंदूचा टीबी आपल्याकडे नाही असा मुळीच नव्हे. तो आहे, गंभीर आहे, आणि त्याचे उपचार दीर्घकाळ चालतात. दोन्हींत फरक करणे हे मेंदूविकारतज्ज्ञाचे काम आहे. रिपोर्टवरचा एखादा शब्द वाचून आपण तो निर्णय करू नये.

गैरसमज : मेंदूत जंत आहे ना, मग जंताची गोळी आणून लगेच मारून टाकू.

वस्तुस्थिती : जिवंत अळी शरीराच्या प्रतिकारशक्तीला चकवून वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकते. ती मरू लागली की तिचे अंश उघडे पडतात, भोवती सूज येते, आणि फिट बहुतेक वेळा तेव्हाच येतात. भारतात नोकरी करून मायदेशी परतलेल्या ब्रिटिश सैनिकांत हा आजार निघाला, तेव्हा ही गोष्ट स्पष्ट झाली. डिक्सन आणि लिप्सकोंब यांनी १९६१ साली अशा ४५० रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. संसर्ग आणि पहिली फिट यांत सरासरी सुमारे पाच वर्षांचे अंतर होते, काहींच्या बाबतीत त्याहून कितीतरी जास्त.

म्हणून औषध कुणाला, केव्हा द्यायचे हे गाठींची संख्या आणि अवस्था पाहून ठरते. मेंदूत खूप गाठी असून आधीच सूज असेल, किंवा पाणी साचून दाब वाढला असेल, तर अल्बेंडाझोल या जंतनाशक औषधाने सगळ्या अळ्या एकदम मारणे जिवावर बेतू शकते. डोळ्यात अळी असेल तर नजर जाऊ शकते. म्हणून आधी डोळे तपासतात. सूज आवरायला सोबत स्टेरॉइड देतात. अळी मरून चुन्याचा खडा उरला असेल, तर जंताच्या औषधाचा उपयोग नसतो. शाळेत दिली जाणारी जंतनाशक गोळी मुख्यतः मातीतून पसरणाऱ्या जंतांसाठी आहे. ती जरूर द्यावी, पण मेंदूतल्या गाठीचा तो उपचार नव्हे.

गैरसमज : संशोधनात भाग घेणे म्हणजे स्वतःवर प्रयोग करून घेणे, निम्म्या रुग्णांना तर खोटे औषध देऊन फसवतात.

वस्तुस्थिती : या भीतीला इतिहास आहे, तो नाकारून चालणार नाही. अळीपासून पट्टकृमी होतो हे सिद्ध करण्यासाठी १८५५ साली जर्मन डॉक्टर फ्रीडरिख क्यूखेनमाइस्टर यांनी फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याला अन्नात मिसळून अळ्या खाऊ घातल्या आणि मृत्यूनंतर त्याच्या आतड्यातून कृमी शोधून काढले. शोध खरा ठरला, पण माणसाशी असे वागणे अन्यायाचेच होते. आजचे नियम अशाच अनुभवांतून आले आहेत.

आता पेरू देशातली चाचणी पाहा. अळी मारावी की आपोआप मरू द्यावी, यावर डॉक्टरांत खरोखर दोन मते होती. मारल्याने सूज वाढून नुकसानच होईल, असे अनेकांना वाटे. हेक्टर गार्सिया आणि सहकाऱ्यांनी १२० रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला दहा दिवस अल्बेंडाझोल आणि स्टेरॉइड, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. फिटची औषधे मात्र सर्वांना मिळत होती. उपचाराविना कुणी नव्हते. २००४ साली निकाल आला : औषध घेतलेल्यांत सर्वांगाला झटके देणाऱ्या फिट ६७ टक्क्यांनी कमी. शरीराच्या एका भागापुरत्या फिटमध्ये मात्र ठाम फरक दिसला नाही. तुलना केली नसती, तर यांतले काहीच कळले नसते. वेल्लोरच्या संशोधनाआधी क्षयाच्या औषधाबाबत झाली तशी फसगत होत राहिली असती.

आपल्याकडे नव्या औषधांच्या चाचण्यांना २०१९चे नियम लागू आहेत. स्वतंत्र नैतिकता समितीची मंजुरी, रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देऊन घेतलेली लेखी संमती, चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार आणि भरपाई, आणि केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क. भारतातील चाचण्यांची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या सार्वजनिक नोंदवहीत होते. ती कुणालाही पाहता येते. कुणी चाचणीबद्दल विचारले, तर न घाबरता प्रश्न विचारा : मला काय मिळेल, धोका काय, नाही म्हटले तर नेहमीचे उपचार मिळतील का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’च असायला हवे.

गैरसमज : एकदा फिट आली की जन्माचे दुखणे, लग्न, नोकरी संपली.

वस्तुस्थिती : एकच गाठ असलेल्या बहुतेक रुग्णांची गाठ पूर्ण विरते. फिट थांबल्या आणि स्कॅन स्वच्छ निघाला, तर काही काळाने डॉक्टर गोळ्या हळूहळू बंद करू शकतात. खडा उरलेल्या काहींना त्या जास्त काळ लागतात. औषध मनाने बंद करणे हाच खरा धोका. मुलीचे लग्न मोडेल म्हणून गोळ्या लपवणे, देवऋषाकडे नेणे, यात उपचाराचा काळ वाया जातो.

फिट आली की कांदा, चप्पल, चमचा काहीही नको. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, वेळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर तातडीने रुग्णालयात न्या.

गैरसमज : हे आपल्या देशात असेच चालायचे.

वस्तुस्थिती : पेरूच्या तुंबेस भागात संशोधकांनी माणसांना कृमीचे औषध आणि डुकरांना औषध व लस दिली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १०७ पैकी १०५ गावांत संसर्गाची साखळी तुटली. डुकरांसाठीची टीएसओएल१८ ही लस ऑस्ट्रेलियात शोधली गेली, आणि तिचे व्यावसायिक उत्पादन हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स करते. औषध आहे, लस आहे, पद्धतही सिद्ध झाली आहे.

वेल्लोर परिसरातल्या पाहणीत फिटच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या आजारामागे हीच अळी निघाली. म्हणजे फिटचा एवढा मोठा वाटा टाळता येण्याजोगा आहे. त्यासाठी वापरात असलेले शौचालय, शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने धुतलेले हात, सांडपाणी न चढलेले शेत, मोकाट न सोडलेली डुकरे आणि नीट शिजवलेले मांस एवढे हवे. मोबाइलवर कोबीचा निरोप पुढे पाठवण्याऐवजी ग्रामसभेत, वॉर्डाच्या बैठकीत सांडपाण्याचा प्रश्न विचारला, तर तेवढ्याने कितीतरी मेंदू वाचतील.