पिंपातली बिअर आणि बडे गिऱ्हाईक

मद्याचा विषय निघाला की मराठी सुशिक्षित वर्ग एक तर नाक मुरडतो, नाही तर गालातल्या गालात हसतो. इंग्लंडमधील पारंपरिक ‘एल’ या बिअरची गेल्या पन्नास वर्षांची कहाणी मात्र पेल्याचा विचार बाजूला ठेवूनही वाचण्यासारखी आहे. जुन्या पद्धतीने केलेली, नाशवंत आणि लहान कारागिराच्या हातची वस्तू मोठ्या भांडवलाच्या बाजारात टिकते ती कोणाच्या आधाराने, हा तिच्यातला खरा प्रश्न आहे.

ही एल कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा पुरी झालेली नसते. पिंपात जिवंत यीस्ट असते आणि शेवटचे आंबणे पबच्या तळघरातच व्हावयाचे असते. तळघराचे तापमान ११ ते १३ अंश सेल्सिअस राखावे लागते. पिंपाला लाकडी खुंटी मारून आतला वायू बेताने सोडावा लागतो. गाळ खाली बसू द्यावा लागतो. आणि मग ती हातपंपाने वर ओढावयाची. पिंप एकदा सुरू केले की आत हवा शिरते. तीनेक दिवसांत ते संपले नाही, तर चव उतरू लागते. नऊ गॅलनच्या लहान पिंपात बहात्तर पाइंट मावतात. ज्या पबमालकाला तेवढ्या अवधीत तेवढा खप मिळत नाही, त्याला उरलेली बिअर मोरीत ओतण्यावाचून गत्यंतर नसते. परंपरेवरचे प्रेम कितीही असो, हा हिशेब चुकत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या कंपन्यांना हीच कटकट नकोशी झाली. बिअर गाळून, तापवून, तिच्यातले यीस्ट मारून, वायूच्या दाबाने भरलेल्या बंद धातूच्या पिंपांतून ती विकणे अधिक सोयीचे होते. ती कोठेही न्यावी, कोणीही नळ उघडावा! सत्तरच्या दशकात ब्रिटनमधील बहुतेक बिअर सहा बड्या कंपन्यांच्या हाती होती, आणि त्यांच्या मालकीचे हजारो पब होते. अशा पबमध्ये मालक-कंपनीचीच बिअर विकावी लागे. गिऱ्हाइकाची आवड बदलली म्हणून जुनी एल मागे पडली, हे कंपन्यांचे म्हणणे म्हणूनच पूर्ण सत्य नव्हते. गिऱ्हाइकाला निवडीला वाव होता कोठे?

१९७१ मध्ये आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर सुटीसाठी गेलेल्या चार इंग्रज तरुणांनी या प्रकाराविरुद्ध संघटना काढली. पुढे ‘कॅम्रा’ या नावाने ती गाजली. १९७४ पासून तिने चांगल्या पबांची वार्षिक मार्गदर्शिका काढली, मोर्चे काढले, बिअरचे मेळे भरवले. ग्राहकांच्या चळवळींत इतके यश थोड्यांच्याच वाट्याला आले असेल. पण जोवर पबची मालकी आणि बिअरचे उत्पादन एकाच हाती होते, तोवर लहान उत्पादकाला दार बंदच होते. १९८९ मध्ये सरकारने दोन हजारांहून अधिक पब असलेल्या कंपन्यांवर मर्यादा घातल्या आणि त्यांच्या भाडेकरूंना बाहेरची एक पिंपातली एल ठेवण्याची मुभा दिली. बड्या कंपन्यांनी पब विकून टाकले. ते नव्या पबमालक कंपन्यांनी घेतले आणि भाडेकरूंना पुन्हा आपल्याच पुरवठ्याला बांधून घेतले. कायद्याने एक साखळी तोडावी आणि व्यापाराने दुसरी घडवावी, हे तिकडेही चालतेच. २००३ मध्ये तर ते नियमही रद्द झाले.

या चौकटीबाहेर वाढली ती वेदरस्पून ही पबांची साखळी. कायद्याचे पदवीधर टिम मार्टिन यांनी १९७९ मध्ये उत्तर लंडनमधील मझवेल हिल येथे पहिला पब उघडला. साखळीला वेदरस्पून हे नाव त्यांनी आपल्या एका शिक्षकांवरून दिले. त्या शिक्षकांना वर्ग आवरत नसे, असे मार्टिन सांगत आले आहेत. (शिक्षकाचे स्मारक असेही होऊ शकते.) ही कंपनी स्वतः बिअर बनवत नाही, म्हणून कोणाची घ्यावी हे ठरवायला ती मोकळी राहिली. बंद पडलेली चित्रपटगृहे, जुन्या बँका, टपाल कचेऱ्या यांच्या प्रशस्त इमारतींत तिने पब थाटले. आज त्यांची संख्या आठशेच्या आसपास आहे. दर कमी, गर्दी मोठी, म्हणून पिंप लवकर रिकामे होते. जी तीन दिवसांची अट गल्लीतल्या पबला जाचक ठरते, तीच येथे सहज पाळली जाते. ओळीने अनेक हातपंप ठेवणे, शेजारच्या गावातील ब्रुअरीची पिंपे घेणे, एल-महोत्सव भरवणे, त्यासाठी परदेशी कारागिरांना आणून ब्रिटिश ब्रुअरीत बिअर बनवून घेणे, हे सारे या खपामुळे शक्य झाले.

दुसरा आधार करातून मिळाला. लहान उत्पादकांनी १९८० मध्ये आपली संघटना स्थापली आणि जवळजवळ दोन तपे तगादा लावल्यावर २००२ मध्ये वर्षाला पाच लाख लिटरपर्यंत उत्पादन करणाऱ्यांचे अबकारी शुल्क निम्मे झाले. त्यानंतर गावोगावी ब्रुअऱ्या उभ्या राहिल्या. त्यांची संख्या दीड हजारापलीकडे गेली.

परंतु बडे गिऱ्हाईक हे आश्रयदाता असले, तरी गिऱ्हाईकच असते. शेकडो पबांसाठी खरेदी करणारा भाव पाडून मागणारच. शुल्कात मिळालेली सूट लहान कारखानदाराच्या गल्ल्यात किती राहते आणि सौद्यात किती निघून जाते, हे त्याच्या सौदा करण्याच्या ताकदीवर ठरते, आणि ती ताकद त्याच्यापाशी बेताचीच असते. दुसरा घाव गल्लीतल्या पबवर बसतो. तोच पाइंट समोरच्या भव्य इमारतीत बराच स्वस्त मिळू लागला, की मालकाचा खप घटतो. खप घटला की पिंप तीन दिवसांत संपत नाही. आणि मग जुनी एल ठेवणे पहिल्यांदा तोच बंद करतो. साखळीमुळे एल वाचते हे खरे, पण काही ठिकाणी साखळीमुळेच ती शेजारच्या पबमधून उठते हेही तेवढेच खरे. मार्टिन यांचा रोख मात्र सुपरमार्केटकडे असतो. पबमधील जेवणावर वीस टक्के मूल्यवर्धित कर, तर दुकानातील बहुतेक खाद्यपदार्थांवर काहीच नाही, ही त्यांची जुनी तक्रार आहे, आणि ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. २०२३ च्या ऑगस्टपासून पबमध्ये पिंपातून विकल्या जाणाऱ्या बिअरवर बाटलीहून कमी शुल्क आहे. त्याचा लाभ मात्र बड्या साखळीला आणि कोपऱ्यावरच्या पबला सारख्याच दराने मिळतो.

एकोणिसाव्या शतकात मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी जहाजांतून फिकी एल येई, ती बर्टन या गावची. ओकच्या पिंपांची जोडलेली रांग करून तीत बिअर आंबवण्याची तेथील खास पद्धत कार्ल्सबर्ग-मार्स्टन्स या मोठ्या कंपनीला परवडेना, म्हणून २०२४ मध्ये तिने ती थांबवली. त्यांपैकी एक संच डर्बीशरमधील बेकवेल येथील थॉर्नब्रिज या स्वतंत्र ब्रुअरीने नेला आणि पुन्हा चालू केला. तीत तयार झालेले पिंप कोणत्या पबच्या तळघरात उतरते आणि त्याला काय भाव मिळतो, यावर ती पिंपांची रांग किती दिवस भरलेली राहील हे अवलंबून आहे.