स्क्रीनवरचं ‘आत्ता’

एक्सेलच्या एखाद्या सेलमध्ये ‘नाऊ’ हे फंक्शन टाकून बघा. तारीख-वेळ उमटते आणि तिथेच थांबते. पाच मिनिटांनी पाहिलं तरी तोच आकडा. मग दुसऱ्याच कुठल्या सेलमध्ये काहीतरी टाइप करून एंटर दाबा, की वेळ एकदम पुढे येते. एक्सेल पुन्हा गणित करतं ते शीटमध्ये काही बदललं तर. वेळ सरकणं हा बदल त्याच्या हिशेबातच नाही.

एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेली उत्तरं आपोआप बदलायची, ही सोय 1979 साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांच्या ‘व्हिसिकॅल्क’ने वैयक्तिक संगणकावर आणली. रिअ‍ॅक्टिव्ह प्रोग्रॅमिंग हेच तत्त्व सगळ्या अ‍ॅपला लावतं. कोणत्या मजकुराने कोणती माहिती वाचली याची नोंद राहते; माहिती बदलली की तेवढाच मजकूर नव्याने तयार होतो. घड्याळ मात्र बहुतेक वेळा या नोंदीबाहेर राहतं. प्रोग्रॅम वेळ विचारतो, एक आकडा मिळतो आणि संबंध संपतो. म्हणून ‘5 मिनिटांपूर्वी’ असं लिहिलेला मेसेज अर्ध्या तासानेही 5 मिनिटांपूर्वीचाच दिसतो. मुदत टळून गेलेल्या अर्जाचं बटण चालू दिसणं हा त्याच चुकीचा जास्त त्रासदायक प्रकार.

यावरचा विचार 1997 मध्येच झाला होता. कॉनल इलियट आणि पॉल हुडाक यांनी ‘फ्रॅन’ नावाच्या प्रणालीत हलत्या चित्रांची मांडणी काळानुसार बदलणाऱ्या मूल्यांतून केली. त्यातलं सर्वांत साधं मूल्य म्हणजे खुद्द वेळ. मला ही कल्पना फार देखणी वाटते: वेळेला वेगळी वागणूक द्यायचीच नाही, तिलाही इतर माहितीच्या रांगेत बसवायचं. आजच्या ‘मॉबएक्स’ या रिअ‍ॅक्टिव्ह लायब्ररीच्या जोडसंचातलं ‘नाऊ’ फंक्शन नेमकं हेच करतं. ते वाचणाऱ्याची नोंद होते आणि ठरलेल्या अंतराने त्याला नवी वेळ कळते.

अंतर किती ठेवायचं, इथे खरा कस लागतो. ‘3 तासांपूर्वी’ हे शब्द तासाभराने बदलणार. त्यासाठी दर सेकंदाला फोन जागा करणं म्हणजे बॅटरीची नासाडी. पुढचा बदल नेमका कधी होणार हे आधीच काढून तेव्हाच जागं होणं शहाणपणाचं. शिवाय सगळ्यांनी एकच ‘आत्ता’ वाचावं. नाहीतर मध्यरात्री अ‍ॅपचा एक भाग 11:59:59ला आणि दुसरा 12:00:00ला घड्याळ विचारतो, आणि एकाच स्क्रीनवर दोन तारखा येतात.

चाचणीतला फायदा तर मोठाच. वेळ हे बाहेरून पुरवलेलं मूल्य असेल तर तिथे 29 फेब्रुवारी 2028 ठेवून हवं ते तपासता येतं, त्या दिवसाची वाट पाहावी लागत नाही.

एक पथ्य मात्र पाळायलाच हवं. लॅपटॉप झाकला की टायमर थांबतो, मागे पडलेल्या टॅबमध्ये ब्राउझर तो मंद करतो. म्हणून दर ठोक्याला जुन्या आकड्यात एक सेकंद मिळवायचा नाही. दर वेळी खरं घड्याळ नव्याने वाचायचं.