बैलगाड्याची शर्यत आणि कायद्याच्या शर्ती

‘शर्यत’ हा शब्द आज आपण धावण्याच्या चढाओढीपुरता योजतो. परंतु तो ‘शर्त’ या अरबी शब्दापासून आलेला असून अट व पैज हेही त्याचे अर्थ होत. पुणे जिल्ह्याच्या शिरूर भागातील बैलगाड्यांच्या शर्यतीला गेल्या काही वर्षांत जे वळण लागले, ते समजून घेण्यास हा अर्थभेद उपयोगी पडतो.

भीमेच्या दोन अंगांस असलेल्या दौंड व शिरूर या तालुक्यांत बैलाच्या श्रमाची दोन रूपे आढळतात. दौंडच्या बागायती पट्ट्यात गळिताच्या हंगामात उसाने भरलेली गाडी ओढणे हे बैलाचे काम होय. शिरूर व त्यालगतच्या खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतील शर्यतीचा ‘गाडा’ मात्र हलका असतो व त्यावर ओझे नसते. ग्रामदैवताच्या यात्रेत चढणीच्या धावपट्टीवर तो पळविला जातो. या धावपट्टीस तेथे ‘घाट’ म्हणतात. जुंपलेले चार बैल, पुढे धावणारी घोडी आणि प्रत्येक गाड्याची स्वतंत्र ‘बारी’ अशी ही रचना आहे. गाडे परस्परांशेजारी धावत नाहीत. त्यांची चढाओढ घड्याळातील सेकंदांशी असते. हंगामही आखूडच: सुगी आटोपल्यावर यात्रांबरोबर तो रंगतो आणि पावसाळ्यापूर्वी संपतो.

ओझे ओढणे आणि पळणे यांतील हाच भेद पुढे न्यायालयीन वादाचा गाभा ठरला. २०११ साली केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या व सिंह या, खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाची भर घातली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लिकट्टूबरोबरच बैलगाडा शर्यतीही अवैध ठरविल्या. बैलाची शरीररचना घोड्याप्रमाणे धावण्यासाठी नाही, तो मुळात ओढकामाचा प्राणी आहे, आणि शेपटी पिरगाळून वा टोचून त्यास पळविणे म्हणजे १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियमाचा भंग होय, असा त्या निर्णयाचा आशय होता.

२०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने त्या अधिनियमात राज्यापुरती दुरुस्ती केली. तीत बैलगाडा शर्यत, छकडी व शंकरपट या तिन्ही नावांनी चालणाऱ्या शर्यतींचा समावेश असून, गाडीवान असो वा नसो, जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी आवश्यक ठरविली आहे. बैलास वेदना देणाऱ्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. तथापि मुंबई उच्च न्यायालयाने या शर्यतींना मनाई केली आणि ती १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परवानगी देईपर्यंत टिकली.

म्हणजे २०१५ ते २०२१ असे सलग सात हंगाम कायद्याच्या दृष्टीने बंद राहिले. २०१४ साली जन्मलेला खोंड एकही वैध बारी न पळता सात वर्षांचा झाला. ट्रॅक्टर आल्यावर नांगराचा बैल मागे पडला. शर्यत नसेल तर खिलार जनावर पोसावे कशासाठी, हा गाडामालकांचा प्रश्न या काळात तीव्र झाला. या दृष्टीने २०२२ चा हंगाम निव्वळ करमणुकीचा नव्हता. नव्या शर्ती प्रत्यक्षात पाळल्या जातात की नाही, याची ती पहिली कसोटी होती.

१८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्राची दुरुस्ती वैध ठरविली. एखादी प्रथा संस्कृतीचा भाग आहे की नाही, हे ठरविण्याचे काम प्रामुख्याने विधिमंडळाचे, असे पीठाने मानले. नियमांमुळे जनावराच्या यातना बऱ्याच अंशी कमी होतात, हे त्यामागील गृहीत आहे. आणि नियमांच्या काटेकोर पालनाची जबाबदारी पीठाने जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली.

या निर्णयाचा अर्थ बैलाच्या वेदनेचा प्रश्न मिटला असा कोणी घेऊ नये. २०१४ च्या निर्णयाने हा प्रश्न सबंध शर्यतीस विचारला होता. आता तो प्रत्येक घाटावर, प्रत्येक बारीला विचारला जाणार आहे. शिरूरकडील गाड्याला पळण्याचा हक्क मिळाला आहे, तो शर्तीवर. आणि ती शर्त मोडली, तर शर्यतीचा कायदेशीर आधारच उरत नाही.