लाव्यांच्या नवजात पिलांतील पायांचे दोष

जपानी लावे, ज्यांना बाजारात बटेर म्हणतात, ते आपल्या देशात प्रथम १९७४ साली अमेरिकेतून आणून इज्जतनगर येथे पाळण्यात आले. पुढे १९७९ साली तेथेच केंद्रीय पक्षी संशोधन संस्था स्थापन झाली आणि या पक्ष्याच्या संगोपनाचे शास्त्र हळूहळू खेड्यापर्यंत पोहोचले. अंडी उबण्यास अवघे १७ ते १८ दिवस लागतात आणि मादी सहा-सात आठवड्यांची होताच अंडी घालू लागते. थोड्या जागेत व थोड्या भांडवलात हा जोडधंदा होऊ शकतो तो यामुळेच. (रानातील लावे पकडणे मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये गुन्हा आहे, येथे विचार आहे तो पाळीव जपानी जातीचा.)

अंड्यातून बाहेर पडणारे पिलू सात-आठ ग्रॅमचे असते. शंभर अंड्यांतून सत्तर पिले निघाली आणि त्यांतील दहा उभीच राहू शकली नाहीत, तर लहान पालकाचा त्या खेपेचा नफा तेथेच संपतो. अशा वेळी “वाणच खराब” म्हणून अंडी देणाऱ्याला बोल लावला जातो, किंवा नशिबावर भार टाकून लंगडी पिले फेकून दिली जातात. दोन्ही गोष्टी घाईच्या आहेत. पिलाचा पाय कोणत्या प्रकारे वाकडा आहे आणि तो कोणत्या दिवशी वाकडा दिसला, एवढे नीट पाहिले तर दोष कोठे घडला हे बहुधा कळते.

पिलू पहिल्या दिवशी ठीक होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचे दोन्ही पाय दोन बाजूंना फाकले, तर प्रथम जमीन तपासावी. पिलांखाली वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद पसरण्याची पद्धत सर्रास आढळते. त्यावर इवल्या नखांना पकड मिळत नाही, पाय घसरतात आणि मांडीचे कोवळे सांधे तसेच वळण घेतात. उबवणी यंत्रातील पिले निघण्याचा ट्रे गुळगुळीत असला, तर हेच नुकसान पहिल्या काही तासांतही होते. पहिला आठवडा खडबडीत कापड किंवा खरबरीत बाजू वर केलेला पन्हाळीदार पुठ्ठा अंथरावा. गोणपाटाचे सुटे धागे पिलांच्या बोटांना गुंडाळतात, म्हणून ते टाळलेले बरे.

पाय फाकलेले पिलू लगेच हाती घेतल्यास पुष्कळदा सुधारते. दवाखान्यातील चिकटपट्टीची तीन-चार मिलिमीटर रुंद फीत कापून दोन्ही पायांना बोटांच्या थोडे वर सैलसर गुंडाळावी. मधले अंतर पिलू नैसर्गिकपणे उभे राहील इतकेच ठेवावे. फीत रोज पाहावी, कारण पाय झपाट्याने जाड होतात; दोन-तीन दिवसांनी कोमट पाण्याने भिजवून ती सोडवावी. बोटे नुसती दुमडलेली असतील तर तळपायाखाली जाड कागदाचा तुकडा ठेवून बोटे सरळ चिकटवतात. असे पिलू वेगळे ठेवावे आणि त्याच्या पाण्याच्या थाळीत खडे टाकावेत, नाहीतर ते थाळीतच बुडते.

पाय जन्मतःच वाकडे असतील तर मात्र आई-बापांच्या खाद्याकडे वळावे लागते. बेळगावच्या दक्षिणेस राजहंसगडाच्या पायथ्याशी वसलेल्या येळ्ळूरसारख्या भाताच्या गावात पक्ष्यांपुढे टाकायला सर्वांत स्वस्त व हाताशी असलेली वस्तू म्हणजे तांदळाची कणी. कणीने पोट भरते, मादी अंडीही घालते. परंतु पॉलिश केलेल्या तांदळात रायबोफ्लेविन, म्हणजे जीवनसत्त्व ब-२, फार थोडे असते. मादीला मिळाले नाही ते अंड्यात उतरत नाही, आणि अंड्यात नाही ते पिलाला कोठून मिळणार? अशा पिलांची बोटे आतल्या बाजूस मुठीसारखी वळतात व ती घोट्यांवर बसून सरकतात. त्यांच्या पायांतील मज्जातंतूच बिघडलेले असतात. पाण्यातून ब-२ दिल्यास आरंभीची पिले सावरतात. आठवडा उलटून गेलेली क्वचितच.

याची खूण न उबलेल्या अंड्यांत सापडते. ती फेकण्यापूर्वी फोडून पाहावीत. मेलेल्या गर्भाच्या अंगावरील लव टोकाशी गाठी आल्यासारखी आखूड व जाड दिसली, तर ब-२ ची उणीव समजावी. चोच पोपटासारखी वाकलेली आणि पाय-पंख आखूड असतील, तर मँगेनीजसारख्या घटकांची उणीव संभवते. काम किळसवाणे वाटेल, पण या दहा मिनिटांच्या तपासणीने पुढच्या खेपेची दिशा ठरते. पैदाशीच्या पक्ष्यांना कणीऐवजी संतुलित खाद्य सुरू करावे. लसूणघासाची कोवळी पाने, सुकी मासळी व ताक यांतूनही ब-२ मिळते. जीवनसत्त्वांची पूड उन्हात उघडी ठेवू नये. प्रकाशाने ब-२ नष्ट होते. खाद्य सुधारल्यावर एक-दोन आठवड्यांनी घातलेली अंडीच उबवणीस ठेवावीत.

मँगेनीजचा उल्लेख वर आला. पक्ष्याच्या पायातील ज्या सांध्याला लोक गुडघा समजतात, तो वस्तुतः घोटा होय. त्याच्या मागून स्नायूची जाड दोरी खाचेतून जाते. हाडाची वाढ बिघडली की खाच उथळ राहते, दोरी बाजूला निसटते आणि पाय बाहेर वळतो. या रोगास पेरोसिस म्हणतात. खाद्यात मँगेनीज पुरेसे असल्यास तो टळतो, हे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी १९३६ साली दाखवून दिले. कोलीन व बायोटिन यांच्या अभावीही तो होतो. मक्यात मँगेनीज अल्प असल्याने केवळ मक्यावर वाढलेल्या पिलांना धोका अधिक. येथे एक चूक नेहमी घडते: पाय कमजोर दिसले की हाडांचा चुरा व शिंपल्यांची पूड पिलांच्या खाद्यात वाढविली जाते. चुना व स्फुरद गरजेपेक्षा जास्त झाले की मँगेनीज अंगी लागत नाही आणि रोग बळावतो. शिंपल्यांचा चुरा अंडी घालणाऱ्या मादीसाठी आहे. निसटलेली दोरी पट्टीने जागेवर येत नाही. असे पिलू ओढत ठेवण्यात अर्थ नाही.

यंत्राचा दोषही लक्षात घ्यावा. उष्णतामान ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि आर्द्रता सुमारे साठ टक्के, शेवटच्या तीन दिवसांत सत्तर, ही मर्यादा राखावी. उष्णता वाढल्यास पिले लवकर, अशक्त व वाकड्या पायांची निघतात; वीज जाऊन यंत्र थंड पडल्यास उशिरा व लुळी. पावसाळ्यात बेळगाव भागात हवाच ओलसर असते, तेव्हा यंत्रातील पाण्याचे भांडे नेहमीच्या हिशेबाने भरू नये.

राहिला रक्ताचा संबंध. एका जोडीपासून सुरुवात करून तिचीच पिले एकमेकांत ठेवण्याची सवय कोंबड्यांत काही काळ खपून जाते, लाव्यांत नाही. सख्ख्या भावंडांची पैदास होऊ लागली की दोन-तीन पिढ्यांतच उबवण घटते, व्यंगे वाढतात आणि वाण खुंटतो. म्हणून नर दुसऱ्या कळपातून आणावेत आणि एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात.

पट्टीने बऱ्या झालेल्या पिलांच्या पायात रंगीत दोऱ्याचे सैल कडे घालून ठेवावे. त्यांचा दोष जमिनीमुळे होता की वाणामुळे, हे मोठेपणी ओळखता येत नाही. ती विक्रीसाठी वाढवावीत. पैदाशीच्या पिंजऱ्यात मात्र घेऊ नयेत.