चोरी झाली, पण गेलं काय?

२९ जुलै २०१७. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात मुख्यालय असलेल्या इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीच्या तंत्रज्ञांनी एका यंत्रणेचं मुदत संपलेलं डिजिटल प्रमाणपत्र बदललं. कंपनीच्या संगणकांमधली कुलूपबंद ये-जा उलगडून तपासणं हे त्या यंत्रणेचं काम. प्रमाणपत्राची मुदत कित्येक महिन्यांपूर्वीच सरली होती. तेवढा काळ राखणदार जागेवर उभा होता, पण डोळ्यांना पट्टी बांधून. पट्टी सुटताच त्याला दिसले ते चोर, आणि ते तर १३ मेपासून आत होते.

ते शिरले कुठून, हे तर आणखी चक्रावून टाकणारं आहे. आपल्या कर्जाच्या नोंदीत चूक असेल तर ग्राहकानं तक्रार करावी, यासाठी कंपनीनं एक पोर्टल ठेवलं होतं. ते ज्या ‘अपाची स्ट्रट्स’ नावाच्या सॉफ्टवेअरवर चालत होतं, त्यातलं भगदाड मार्च महिन्यातच जगजाहीर झालं होतं. ते बुजवणारी दुरुस्ती फुकट मिळत होती. अमेरिकी सरकारनं सावध केलं होतं, आणि ‘४८ तासांत दुरुस्ती करा’ असा ईमेल कंपनीत शेकडो जणांना गेलाही होता. नेमकं हेच पोर्टल राहून गेलं. आत आल्यावर चोरांना एका फाइलमध्ये पासवर्ड उघडेच लिहिलेले सापडले. मग त्यांनी सुमारे ९,००० वेळा माहितीसाठ्यांची झडती घेतली. हाती आली १४ कोटी ७० लाख माणसांची माहिती: नावं, जन्मतारखा, पत्ते आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक. अमेरिकेत कर्जापासून नोकरीपर्यंत सगळीकडे विचारला जाणारा हा क्रमांक सहसा जन्मभर बदलत नाही.

या १४ कोटी ७० लाखांपैकी बहुतेकांनी इक्विफॅक्सला आपणहून काहीच दिलेलं नव्हतं. कंपनीची मुळं किराणा दुकानदारांच्या यादीत आहेत. कोण गिऱ्हाईक वेळेवर पैसे देतं, कोण रखडवतं, कुणाला रोखीशिवाय माल देऊ नये, अशा नोंदींची वही वुलफर्ड बंधू व्यापाऱ्यांना विकत. १८९९ मध्ये त्यातूनच ही कंपनी उभी राहिली. तिचा खरा ग्राहक तेव्हा दुकानदार होता, आज बँक आहे. आपण म्हणजे तिचा माल! दुकान आवडलं नाही तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. मालाला ती सोय नसते. २०१७ साली, चोरी उघड होऊनही, कंपनीचं उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा वाढून सुमारे ३३६ कोटी डॉलर झालं. घाबरलेल्या लोकांनी ‘लाइफलॉक’ नावाच्या पहारा-सेवेचं वर्गणीदार होण्यासाठी धाव घेतली. ती सेवा नोंदींवरच्या पहाऱ्यासाठी पैसे मोजत होती ते इक्विफॅक्सलाच. सिनेटच्या सुनावणीत सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी हे वदवून घेतलं, तेव्हा समोर बसलेले रिचर्ड स्मिथ इक्विफॅक्सच्या मुख्याधिकारीपदावरून नुकतेच पायउतार झाले होते.

बाजार शिक्षा करणार नसेल तर ती कायद्यानं करायची. पण कायद्याला नुकसान मोजावं लागतं. सायकल चोरीला गेली की सायकल जागेवर नसते. माहिती चोरीला गेली तरी ती जिथल्या तिथेच असते. मग भरपाई कशाची? २०१९ च्या जुलैमध्ये केंद्रीय यंत्रणा आणि राज्यांशी तडजोड झाली: किमान ५७ कोटी ५० लाख, जास्तीत जास्त ७० कोटी डॉलर. आकडा भव्य वाटतो. पण त्यात ग्राहकांसाठीचा हिस्सा जास्तीत जास्त ४२ कोटी ५० लाख. तो बाधितांमध्ये वाटून पाहा, माणशी तीन डॉलरही येत नाहीत. ज्यांच्याकडे आधीच पहारा-सेवा आहे त्यांना १२५ डॉलर रोख, असंही ठरलं होतं. त्यासाठी राखून ठेवलेली रक्कम होती ३ कोटी १० लाख, म्हणजे पुरे पैसे मिळणार जेमतेम अडीच लाख लोकांना. अर्जांचा पूर आला आणि काही दिवसांतच सरकारी यंत्रणेला सांगावं लागलं की रोख रकमेपेक्षा फुकट पहारा-सेवा घेणं फायद्याचं. हे गणित आधी कुणी मांडलं नसेल, यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये प्रकरणाला वेगळंच वळण लागलं. अमेरिकेच्या न्याय खात्यानं चिनी सैन्यातल्या चौघांवर या चोरीचा आरोप ठेवला. लाखो लोकांच्या नावे खोटी कर्जं निघतील ही भीती होती, पण हा माल चोरबाजारात उघड विकायला आल्याचं दिसलंच नव्हतं. हेरांना क्रेडिट कार्डावर टीव्ही घ्यायचा नसतो. मग ज्याच्या खिशातून एक छदामही गेला नाही, पण ज्याची कुंडली परक्या सैन्याकडे गेल्याचा संशय आहे, त्याचं नुकसान किती धरायचं?

याच धंद्यातल्या ट्रान्सयुनियनच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये जवळचाच प्रश्न हाताळला. त्यात माहितीची चोरी नव्हती. ८,१८५ लोकांच्या नोंदीवर, नावातल्या साम्यामुळे, दहशतवादी किंवा गुन्हेगारांच्या सरकारी यादीशी जुळत असल्याचा शेरा पडला होता. न्यायालय म्हणालं, ज्यांची नोंद तिसऱ्या कुणाकडे गेली त्या १,८५३ जणांनाच या चुकीबद्दल भरपाई मागता येईल. बाकीच्यांवरचा शेरा फाइलमध्येच पडून होता, म्हणून त्यांचं ठोस नुकसान नाही. निकाल पाच विरुद्ध चार असा निसटता होता.

या कोड्यातून सुटायची एक सोपी वाट वॉरन आणि सिनेटर मार्क वॉर्नर यांनी २०१८ मध्ये एका विधेयकातून सुचवली होती. नुकसान शोधत बसूच नका. माहिती गेली की माणशी १०० डॉलर, आणि त्याच माणसाची आणखी माहिती गेली असेल तर प्रत्येक बाबीला ५० डॉलर. दंडाला कमाल मर्यादा होती, पण ती धरूनही इक्विफॅक्सला सुमारे १५० कोटी डॉलर भरावे लागले असते. ते विधेयक मंजूर झालं नाही. मात्र त्याच वर्षी दुसऱ्या एका कायद्यानं, आपली नोंद गोठवून ठेवण्याची सोय सगळ्या अमेरिकनांना फुकट झाली. तोवर अनेक राज्यांत, कंपनीनं सांभाळायच्या माहितीला कुलूप घालण्यासाठी लोकच तिला पैसे देत होते.

इक्विफॅक्स भारतातही आहे. रिझर्व्ह बँकेच्या परवान्यानं चालणाऱ्या चार पतमाहिती कंपन्यांपैकी ती एक. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. हा दंड जमा होणार भारताच्या संचित निधीत. ज्याची माहिती गेली त्याला भरपाई मागता यावी म्हणून माहिती तंत्रज्ञान कायद्यात ४३-अ हे कलम होतं; नव्या कायद्यानं ते वगळण्याची तरतूद केली आहे.